बराचसा राग

शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी जिथे धुतल्या जात, त्या लाँड्रीच्या मागच्या दालनात एक तापलेला रूळ होता. माणसाच्या कमरेएवढा जाड, भिंतीपासून भिंतीपर्यंत लांब, आत वाफ खेळवलेली. ओली चादर एका बाजूनं त्याच्याखाली सरकवायची, की पलीकडे ती कोरडी आणि कडक इस्त्री होऊन बाहेर पडायची. सरकवायला दोघी लागत, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. दोघींनी कोपरे एकाच क्षणी सोडायचे. एकीनं आधी सोडला तर चादर तिरकी जायची, मधे चुणी पडायची आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

या रुळावर डावीकडे ताई आणि उजवीकडे बुटकी, ही जोडी कित्येक वर्षं ठरलेली होती. आईवडील लवकर गेले म्हणून ताईनं धाकट्या भावाला वाढवलं. तो तिला ताई म्हणायचा, म्हणून गल्ली म्हणायची, म्हणून लाँड्री म्हणायची. तिच्याहून वयानं मोठा असलेला मुकादमसुद्धा तिला ताईच म्हणे. लग्नाचं वय भावाच्या शिक्षणात गेलं आणि त्याबद्दल तिनं कधी कुरकुर केली नाही. ती उंच, अंगानं भरलेली, बोलायला मवाळ. बुटकीला बुटकी हे नाव तिनंच ठेवलं होतं. बुटकी तिच्या खांद्याला लागायची आणि उलट तिला लांबडी म्हणायची. बुटकीचा नवरा कमरेनं अधू होऊन घरी बसलेला. त्याच्या तऱ्हा सांगून ती दिवसभर ताईला हसवायची. दोघींना एकमेकींकडे न बघता कोपरा कधी सोडायचा ते कळायचं. नव्यानं आलेल्या बायका म्हणायच्या, या दोघी मिळून एकच बाई आहे.

पुढे डॉक्टरांनी विचारलं की हे कधीपासून सुरू झालं, तेव्हा ताईला नेमकं सांगता आलं नाही. बहुतेक आधी भूक आली. सकाळी घरून पोटभर खाऊन निघालेली बाई लाँड्रीत पोचेपर्यंत पुन्हा भुकेली व्हायची. डब्यात जास्त नेऊ लागली, तेही पुरेना. आणि एवढं खाऊन अंगावर काही दिसेना. उलट ब्लाउज आत घ्यावे लागले, बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या. बायका कौतुकानं विचारायच्या, "ताई, काय करता तरी काय? आम्हालाही सांगा की." ताईलाही आधी बरंच वाटलं. चाळिशी उलटल्यावर कोणी आपल्या बांध्याकडे वळून बघावं, हे काही रोज घडत नाही.

मग उष्णता. रुळासमोर उभ्या राहणाऱ्या बाईला घाम येतो यात कोणाला काय नवल वाटणार. सगळ्याच निथळत असत. ताईचा घाम घरी गेल्यावरही थांबत नव्हता, एवढाच फरक. थंडीच्या दिवसांत ती खिडकी सताड उघडी टाकून पंखा लावायची आणि भावाची बायको, म्हणजे वहिनी, शाल गुंडाळून यायची आणि पंखा बंद करून जायची. यावरून भांडणं होऊ लागली. अंथरुणावर पडलं की ताईच्या छातीत कोणी धावत सुटल्यासारखं व्हायचं. झोप यायची नाही. मग ती उठून भांडी घासायची, कपाट आवरायची, आवरलेलं पुन्हा आवरायची.

आणि काम. अंगात आल्यासारखी ती काम करत होती. बुटकीनं कोपरा हातात धरेपर्यंत ताईचा कोपरा रुळाच्या तोंडाशी पोचलेला असायचा. पहिल्यांदा मुकादमाच्या हे लक्षात आलं तेव्हा तो खूश झाला. या जोडीच्या चादरी बाकीच्या जोड्यांपेक्षा कितीतरी जास्त निघतात, हे त्यानं मॅनेजरला सांगितलं. मॅनेजरनं दुसऱ्या दिवशी सगळ्यांना उभं करून सांगितलं की ताई करू शकतात तर तुम्ही का नाही. त्या दिवसापासून बायकांनी ताईशी बोलणं कमी केलं. मुकादम माणूस वाईट नव्हता, असं ताई अजूनही म्हणते. त्याला वरून ढकलत होते आणि तो खाली ढकलत होता.

स्वभावही बदलला, आणि इतक्या वेगानं बदलला की मूळचा कसा होता ते लोक विसरून गेले. चहा कोमट आला म्हणून ती चहावाल्यावर ओरडली. ट्रॉलीचं चाक किरकिरतं म्हणून ओरडली. नळ टपकतो, खिडकी उघडत नाही, कोणी शीळ घालतं, कशावरूनही तोंडाचा पट्टा सुटायचा. ओरडून झालं की हात थरथरायचे आणि डोळ्यांत पाणी यायचं. भावाची मुलगी, जिला घरात सगळे बेबी म्हणत, एकदा जेवताना म्हणाली, "आत्या, तू अशी डोळे वटारून का बघतेस?"

"मी कुठे वटारतेय?"

"आता बघतेयस ना, तसे."

ताई आरशात बघून आली. डोळे नेहमीपेक्षा मोठे दिसत होते खरे, पण आरशात स्वतःकडे बघताना कोण डोळे बारीक करतं, असं मनाशी म्हणून तिनं ते सोडून दिलं.

या सगळ्याचं निदान ज्यानं त्यानं आपापलं केलं होतं. वहिनी म्हणाली, पाळी जायचं वय आहे, माझ्या आईचंही असंच झालं होतं. शेजारीण म्हणाली, वेळेवर लग्न झालं असतं तर असं झालं नसतं. भाऊ म्हणाला, "ताई दमलीय, बाकी काही नाही." आणि त्यानं पेपर उघडला. डॉक्टरकडे जायचं कोणाच्याच मनात आलं नाही, ताईच्याही नाही. आजारी माणूस अंथरुणाला खिळतो, हे तिला माहीत होतं. ती तर दोन माणसांचं काम एकटी उपसत होती.

रुळाच्या तोंडाशी एक आडवी दांडी होती. बोटं फार पुढे गेली की त्या दांडीला लागायची आणि रूळ जागच्या जागी थांबायचा. दांडी त्यासाठीच होती. पण ताईच्या वेगानं चादर आत जायला लागली तेव्हा चादरीच्या काठाची जाड शिवणसुद्धा दांडीवर आपटायची आणि रूळ उगाचच थांबायचा. पुन्हा चालू करा, पुन्हा थांबतो. ताई वैतागून म्हणायची, "हे काय रडगाणं आहे, काम अडतं सगळं." एका सकाळी येऊन बघते तर यंत्रं दुरुस्त करणाऱ्या फिटरनं दांडी तारेनं वर बांधून टाकली होती.

ती मुकादमाकडे गेली. "दांडी सोडा."

"ताई, तुम्हीच तर म्हणत होता काम अडतं."

"अडतं म्हणाले. बांधा नाही म्हणाले. उद्या कोणाचा हात गेला म्हणजे?"

"इतकी वर्षं काम करताय, तुमचा हात जाईल का?"

"माझा नाही तर दुसरीचा जाईल. सोडा म्हणते ना."

शेवटचे शब्द ती इतक्या मोठ्यानं ओरडली की कपडे धुण्याच्या मशीनपाशी उभे असलेले लोकही वळून बघू लागले. मुकादमानं हात वर केले, बघतो म्हणाला, आणि त्यानं काही बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी ताई पुन्हा ओरडली. मग मॅनेजरच्या दारात जाऊन ओरडली. पण चहा, चाक, नळ, खिडकी यांच्या रांगेत आता दांडी येऊन बसली होती. ताई ओरडते आहे म्हणजे दिवस नेहमीसारखा चालला आहे, एवढाच त्याचा अर्थ उरला होता. बुटकीसुद्धा म्हणाली, "सोड ना ग. घसा बसेल तुझा."

"तू गप. तुला काय कळतंय? तुझ्या हातात मेण भरलंय का? कधीची कोपरा धरून उभी आहे मी."

बुटकी त्या दिवशी नवऱ्याची एकही गोष्ट न सांगता काम करत राहिली. पुढचे कित्येक दिवस तिनं गोष्ट सांगितली नाही. ताईच्या ते लक्षातही आलं नाही.

ते घडलं जेवणानंतरच्या वेळात. एका हॉटेलच्या दुहेरी पलंगाच्या चादरी आल्या होत्या, जड आणि लांब. बुटकीकडचा कोपरा दुमडला होता. "थांब," ती म्हणाली आणि कोपरा उलगडायला तिनं हात पुढे घातला. ताईनं ते ऐकलं. तिनं ऐकलं हे ती पुढे सगळ्यांना सांगत राहिली. पण ऐकेपर्यंत तिनं आपला कोपरा ढकललेला होता. चादर ओढली गेली आणि चादरीबरोबर बुटकीचा हात. ताईनं झेप घेऊन दांडीवर मूठ मारली. दांडी तारेनं घट्ट बांधलेली होती. ती पुन्हा पुन्हा मारत राहिली आणि मग भिंतीवरच्या बटणाकडे धावली.

हॉस्पिटलात बुटकीला आत नेल्यावर ताई बाकावर बसली. बुटकीचा हात वाचला, पण त्याची दोन बोटं गेली आणि उरलेली कायमची आखडली, हे नंतर कळलं. त्या वेळी फक्त दार बंद झालेलं दिसत होतं. एक नर्स ताईजवळ आली, तिच्या साडीला लागलेलं रक्त तिचं स्वतःचं तर नाही ना ते बघायला. मनगट हातात धरल्यावर नर्सच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिनं थोडा वेळ थांबून पुन्हा नाडी मोजली. "घाबरल्यामुळे असेल," ती म्हणाली. पण थोड्या वेळानं परत आली तेव्हाही नाडी तशीच धावत होती. तेव्हा तिनं डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या आणि सकाळपासून उभ्या असाव्यात. त्यांनी ताईला दोन्ही हात समोर ताठ धरायला लावले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद वाऱ्यात धरल्यासारखा फडफडू लागला. मग पाण्याचा पेला देऊन घोट घ्यायला सांगितलं आणि घोट उतरताना गळ्याकडे बघत राहिल्या. मागे उभं राहून गळा चाचपला. भूक, झोप, वजन, घाम, शौचाला किती वेळा, पाळी कशी, घरात कोणाला असं काही होतं का, एकेक विचारत गेल्या. ताई उत्तरं देत होती आणि प्रत्येक उत्तराबरोबर तिला वाटत होतं की या बाईनं आपल्या घरात राहून सगळं बघितलं आहे.

रक्ताचा रिपोर्ट आल्यावर त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं. भाऊ सोबत होता.

"गळ्यात इथं एक ग्रंथी असते, थायरॉइड म्हणतात तिला. शरीरानं किती वेगानं चालायचं ते ती ठरवते. हृदय, आतडी, उष्णता, झोप, सगळं. ती स्वतःच्या मनानं काम करत नाही, मेंदूकडून निरोप येतो तेवढंच करते. तुमच्या बाबतीत काय झालंय, तुमच्या रक्तातच असं काहीतरी तयार होतंय की जे खोटा निरोप देत राहतं. काम कर, अजून कर. मेंदूनं आपला निरोप केव्हाच बंद केलाय. रिपोर्टात हा आकडा अगदी तळाला गेलाय, तो त्याचा. पण ग्रंथी ऐकत नाहीये. डोळेही त्यामुळेच असे दिसतायत."

"म्हणजे वरून कोणी सांगत नाही, तरी चालूच," ताई म्हणाली.

"तसंच."

गोळ्या लिहून दिल्या, एक ग्रंथीसाठी आणि एक छातीतली धडधड कमी करायला. घसा दुखून ताप आला तर घरी थांबायचं नाही, त्याच दिवशी यायचं, कारण ग्रंथीच्या गोळीनं कधीकधी रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, हे त्यांनी दोनदा सांगितलं. हा आजार वेडेपणा नाही आणि वयाचाही नाही, हेही सांगितलं. भाऊ मान हलवत होता.

उठता उठता ताईनं विचारलं, "मला राग फार येतो. तोही यातलाच का?"

"बराचसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

भावानं घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं, आणि त्याच्या सांगण्यात हा शब्द हरवला. "ताईचा राग हा आजार होता," तो म्हणाला. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "ताई, मी तुम्हाला काय काय बोलले असेन, मनावर घेऊ नका. आणि तुम्ही बोललात ते आम्ही विसरलो." त्या रात्री जेवायला सगळे एकत्र बसले आणि ताईला वाटलं, सुटलो. आपण वाईट नव्हतो, आजारी होतो. बऱ्याच दिवसांनी तिला वहिनीचा राग आला नाही.

चार-सहा दिवसांनी मॅनेजर घरी आला, फळं घेऊन. आत्तापर्यंत त्यानं कधी ताईला बसा म्हटलं नव्हतं. आता तिच्या घरात तिलाच बसायला सांगितलं. "आम्हाला कल्पना नव्हती हो," तो म्हणाला. "तुम्ही इतक्या आजारी आणि आम्ही तुमच्याकडून काम करून घेतलं. मुकादम तर रडला." मग भावाकडे वळून म्हणाला, "सरकारी तपासनीस येतील. त्यांना सगळं आहे तसं सांगायचं. ताईंना आजार होता, हात थरथरत होते, घाई होत होती. यात ताईंचा दोष कोण म्हणेल? आजाराला कोणी शिक्षा देतं का? बऱ्या झाल्या की या, घड्या घालायच्या बाजूला हलकं काम देऊ."

"दांडी बांधलेली होती," ताई म्हणाली.

मॅनेजरनं फळांची पिशवी तिच्याकडे सरकवली. "ताई, तुम्ही त्या दिवसांत बऱ्याच गोष्टींवरून चिडत होता. आम्ही काही मनाला लावून घेतलं नाही."

तो गेल्यावर भाऊ म्हणाला, "काय बिघडतं ग? खोटं तर काही सांगायचं नाहीये. आजार होताच ना?"

"होता. आणि दांडी बांधलेली होती."

"परत तेच."

ताई दुसऱ्या दिवशी आपली चप्पल आणि डबा आणायच्या निमित्तानं लाँड्रीत गेली. रुळावर दोन नव्या मुली होत्या. दांडी खाली, जागेवर होती. तारेचा तुकडासुद्धा कुठे दिसत नव्हता. फिटर तिला बघून पलीकडच्या दारानं निघून गेला.

तपासनीस शांत माणूस होता. मॅनेजरच्या खोलीत पंख्याखाली बसून त्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं. ताईनं काही लपवलं नाही. घाई मी केली, ती थांब म्हणाली ते मी ऐकलं, पण हात आवरला नाही. आणि दांडी तारेनं बांधलेली होती, मी ती सोडा म्हणून रोज ओरडत होते, सगळ्यांना विचारा. गोळ्यांनी तिचे हात आता स्थिर होते आणि आवाजही. आपण इतकं नीट बऱ्याच महिन्यांत बोललो नव्हतो, असं तिला वाटलं.

"तुम्हाला तेव्हा झोप नव्हती," तपासनीस म्हणाला.

"नव्हती."

"छातीत धडधड, अस्वस्थता, चिडचिड. अशा अवस्थेत आठवणींचा गोंधळ होऊ शकतो. तुम्हाला दोष देत नाही मी."

"सगळ्यांना विचारा म्हटलं मी."

सगळ्यांना विचारून झालं होतं. बायकांनी सांगितलं, ताई ओरडायच्या हे खरं, पण त्या सारख्याच ओरडायच्या, कशावरून ते लक्षात नाही. फिटरनं कानावर हात ठेवले. आणि बुटकीनं, पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून, दांडी जागेवर होती असं सांगितलं.

ताईला हे मुकादमाकडून कळलं. ती तशीच बुटकीच्या घरी गेली. नवरा बाहेरच्या खोलीत पडला होता. बुटकी आत ओट्याशी एका हातानं तांदूळ धूत होती. ताईनं पातेलं घ्यायला हात पुढे केला, तर तिनं ते आपल्याकडे ओढून घेतलं.

"दांडी बांधलेली होती," ताई म्हणाली.

"होती."

"मग?"

"मग काय? मला पुढच्या खिडकीवर बसवतायत. कपडे घ्यायचे, पावती द्यायची. एका हातानं होतं ते. खरं सांगितलं असतं तर हेही नसतं. याला घेऊन कुठे गेले असते मी?"

"आणि माझं काय?"

बुटकीनं पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं. "तुझं काय, लांबडे? तुझ्याकडे आजार आहे. तुला कोणी वाईट म्हणत नाही. बिचारी म्हणतात. बोटं माझी गेली आणि बिचारी तू." ती पुन्हा तांदळाकडे वळली. "आणि घाई तू केलीस. ते काही मी खोटं नाही सांगितलं."

"नाही. ते खरंच आहे."

"माझ्या हातात मेण भरलंय म्हणाली होतीस."

"ते मी आजारात बोलले, बुटके. ते मी नव्हते."

"हो ना. मग दांडीचंही तू आजारातच बोललीस."

 बाहेरून नवऱ्यानं पाणी मागितलं. बुटकीनं हात पुसला आणि पेला भरला, आणि ती परत येईपर्यंत ताई निघून गेलेली होती.

अपघात कामगाराच्या प्रकृतीमुळे झाला, असा निकाल लागला. ताईला घड्या घालायच्या बाजूला बोलावणं आलं. ती गेली नाही. भावाचं आणि तिचं त्यावरून वाजलं, म्हणजे भाऊच बोलला, ती ऐकत राहिली. गोळ्यांनी आजार काबूत आला, पण गोळी कमी केली की पुन्हा उसळायचा. वर्ष-दीड वर्ष असं ओढल्यावर डॉक्टरीणबाईंनी किरणोत्सारी आयोडीनचं औषध दिलं, ग्रंथीचं काम कायमचं मंद करायला. त्याच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून घेतलं. औषधाचे किरण दुसऱ्यांना बाधू नयेत म्हणून काही दिवस ताई घरात सगळ्यांपासून दूर बसली. मग पुढच्या काही महिन्यांत ग्रंथी इतकी मंदावली की आता उलट गोळी सुरू झाली, जन्मभराची, सकाळी उपाशी पोटी. ताई जाड झाली. तिला थंडी वाजू लागली. पंखा आता वहिनी लावायची आणि ताई बंद करायची, आणि यावरून घरात हसणं व्हायचं. डोस जमेपर्यंत ती दुपारी बसल्या बसल्या झोपायची. मग डोस जमला.

एका कपडे शिवायच्या दुकानात तिला बटणं लावायचं काम मिळालं. दुकानदार भला होता, पण तिचा हात जरा जड आहे असं गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा. घरी सगळे तिच्याशी प्रेमानं वागत होते. ती बरी झाल्याचा सगळ्यांना खरा आनंद होता. फक्त एक सवय लागली होती. ताईनं कधी भाजीत मीठ जास्त आहे म्हटलं, दाराचा आवाज करू नका म्हटलं, तिच्या कपाटातली वस्तू तिला न विचारता का नेली असं विचारलं, की वहिनी हळूच म्हणायची, "ताई, गोळी घेतली ना सकाळी?" आधी हे काळजीनं होतं. मग ती घरातली थट्टा झाली. बेबीसुद्धा म्हणायची. एकदा तर ताई सरकारी नळाच्या पाण्याबद्दल शेजाऱ्याला चार शब्द बोलली, तेव्हा शेजारीही तेच म्हणाला.

तिनं कोणावर ओरडणं सोडून दिलं. आवाज चढला की ऐकणारं कोणी उरत नाही, हे तिला कळलं होतं.

बेबीची परीक्षा झाली आणि पुढे शिकायचं की नाही यावर घरात बोलणी सुरू झाली. भाऊ एका संध्याकाळी बातमी घेऊन आला. लाँड्रीचा मॅनेजर त्याला रस्त्यात भेटला होता, त्यानं ताईची चौकशी केली आणि बेबीला कामावर पाठवा म्हणाला. त्याला बिचाऱ्याला अजून वाईट वाटतं, भाऊ म्हणाला. तिला लगेच घेतील. वर्षभर काम करील, मग पुढचं पुढे बघू.

 ताईची तपासणी त्याच आठवड्यात होती. ती रक्त देऊन आली, रिपोर्ट घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी आकडे बघितले आणि सगळं अगदी जिथं असायला हवं तिथं आहे, असं सांगितलं. रविवारी दुपारी, सगळे घरात असताना, ताईनं तो रिपोर्ट भावासमोर टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"वाच."

त्यानं वाचलं. "नॉर्मल आहे की सगळं. छान झालं."

"नॉर्मल आहे. गोळी सकाळी घेतलीय. झोप झालीय. नाडी बघायची असेल तर बघ." तिनं मनगट पुढे केलं. तिचा आवाज नेहमीपेक्षाही हळू होता. "आता मी जे बोलते ते ऐक. बेबीला तिथं पाठवू नकोस. तिथं दांडी बांधतात. मी पाहिलंय. बुटकीनंही पाहिलंय. तिला माझ्यासमोर विचार, ती हो म्हणेल. तिला शिकव. कमी पडलं तर मी अजून एका दुकानाचं काम घरी आणीन."

भावानं रिपोर्टाची घडी घातली. तो ती घडी बोटांनी दाबत राहिला आणि ताईला क्षणभर वाटलं की तो विचार करतोय.

"ताई," तो म्हणाला, "ते सगळं मनातून काढून टाक ग. किती वर्षं झाली. तू त्या वेळी काय अवस्थेत होतीस ते आम्ही बघितलंय."

"मी आत्ताचं बोलतेय."

"कळतंय ना. पण त्रास करून घेऊ नकोस. परत काहीतरी व्हायचं." त्यानं बायकोला चहा टाकायला सांगितलं.

बेबी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "आत्या, मला रुळावर नाही घालणार. घड्या घालायच्या आहेत."

"पहिले काही महिने," ताई म्हणाली.

वहिनीनं चहाचे कप आणले. ताईच्या कपात तिनं साखर कमी घातली होती, कारण वजन वाढलं होतं. ताई चहा प्यायली आणि तिनं रिपोर्ट उचलून कपाटात ठेवला.

सोमवारी बेबी लाँड्रीत गेली.